पहिल्या वळणावर दुखतं, पुढे दुखत नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, राहणार सातारा. सहा वर्षं झाली, रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. दिवाळीनंतर एक नवीनच सुरू झालंय. चढाला लागून आठ-दहा मिनिटं झाली की छातीच्या मधोमध दडपण येतं आणि खालचा जबडा जड होतो. कठड्यावर पाच मिनिटं टेकलो की जातं. मग उठतो आणि थेट महादरवाजापर्यंत जातो, तेव्हा काही म्हणता काही होत नाही. सोबतचे म्हणतात, "सर, इंजिन तापायला वेळ लागतो. एकदा तापलं की हृदय स्वतःला सांभाळतं." मुलगा मात्र अँजिओग्राफी करा म्हणून मागे लागलाय. हृदय खरंच असं स्वतःला सांभाळतं का? सांभाळत असेल तर तपासण्या कशाला?

उत्तर : सर, तुमचं पत्र माझ्याकडे आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून तुमच्या हाती पडायला तीन आठवडे लागतात आणि तेवढं थांबण्यासारखं हे दुखणं नाही. फोनवर सांगितलं तेच इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते. गड चढणं बंद. दोन दिवसांच्या आत हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं. ईसीजी आणि टू-डी इको झाल्यावर स्ट्रेस टेस्ट करायची की थेट अँजिओग्राफी, हे त्यांना ठरवू द्या. बसल्यावर पाच मिनिटांत दडपण गेलं नाही, किंवा बसल्या जागी, झोपेत आलं, तर लगेच १०८ ला फोन. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि पूर्वी कधी पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायची. छातीतलं दडपण नव्याने सुरू झालं असेल तर आम्ही डॉक्टर ते जुन्या, ठरावीक दडपणापेक्षा जास्त गंभीर मानतो.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या सोबत्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तीसेक वर्षं हृदयरोग्यांत काढली, तरी हृदय स्वतःला कसं वाचवतं हा विषय निघाला की मला आवरत नाही. तेव्हा जरा सविस्तर सांगते.

हृदयातून मिनिटाला पाच लिटर रक्त जातं, पण ते आतल्या आत पुढे जातं. हृदयाच्या जाड भिंतीच्या पदरात त्यातलं जवळजवळ काही पडत नाही. भिंतीला रक्त पुरवतात त्या कोरोनरी वाहिन्या. बॉलपेनच्या रिफिलएवढ्या जाड, आणि निवांत बसलेल्या माणसात त्यांतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त वाहतं. हातापायांचे स्नायू आरामात असताना आलेल्या रक्तातला जेमतेम पाव हिस्सा प्राणवायू उचलतात, बाकीचा वेळप्रसंगासाठी शिल्लक राहतो. हृदयाचा स्नायू बसल्या जागीच सत्तर टक्के उचलतो. म्हणजे चढावर त्याला जास्त प्राणवायू हवा असेल तर जास्त रक्तच यायला हवं, चौपट-पाचपट.

वाहिनी अरुंद व्हायला लागली की तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या सैल होतात. पाटाच्या शेवटाला रान असलेला शेतकरी, पाणी कमी आलं की आपली सगळी दारं उघडून ठेवतो, तसं. दारं उघडायचा निरोप स्नायूच पाठवतो. पेशीतली शक्ती एटीपी नावाच्या रेणूत साठवलेली असते. तो मोडत गेला की ॲडेनोसिन सुटतं, आणि ॲडेनोसिन वाहिन्या सैल करतं. अमेरिकेतल्या लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की वाहिनी ८५ टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह कमी होतच नाही. श्रमाच्या वेळचा प्रवाह मात्र निम्म्या अडथळ्यापासूनच घटायला लागतो. म्हणून घरी पेपर वाचताना तुम्हाला काही जाणवत नाही. बसल्या जागीच तुमची बरीचशी दारं उघडलेली असणार. चढाला लागल्यावर उघडायला दार उरत नाही.

मग स्नायू काय करतो? काम थांबवतो. टेनंट आणि विगर्स या दोघांनी १९३५ साली पाहिलं होतं की कोरोनरी वाहिनी बांधली की त्या वाहिनीच्या रक्तावर जगणारा स्नायूचा भाग मिनिटभरात आकुंचन पावायचा थांबतो. पेशीचा सगळ्यात मोठा खर्च आकुंचनाचा. तोच बंद केला की उरलेला एटीपी जीव धरून ठेवायला कामी येतो. रक्त पूर्ण तुटलं तरी साधारण वीस मिनिटं पेशी मरत नाहीत. त्यानंतर मरायला लागतात त्या भिंतीच्या आतल्या थरापासून, आणि मरण हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकत जातं, काही तास.

आता तुमची कठड्यावरची पाच मिनिटं. १९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी हे तेव्हाचे विद्यार्थी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांच्याबरोबर एक प्रयोग करत होते. कुत्र्याची कोरोनरी वाहिनी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं उघडी, असं चार वेळा. मग ती सलग ४० मिनिटं बंद. साधा हिशेब केला तर या कुत्र्यांचं नुकसान जास्त व्हायला हवं, वीस मिनिटांचा मार त्यांनी आधीच खाल्लेला होता. झालं उलटंच. नुसती ४० मिनिटं बंद ठेवली त्या कुत्र्यांत धोक्यातल्या स्नायूपैकी २९ टक्के मेला. आधी चार छोटे चटके खाल्लेल्यांत ७ टक्के. याला इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात. मी आपलं पूर्वसज्जता म्हणते.

ही सज्जता पुन्हा ॲडेनोसिनपासूनच सुरू होते. पहिल्या चटक्यात सुटलेलं ॲडेनोसिन पेशीच्या कातडीवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि आत निरोपांची साखळी धावायला लागते. वाटेत पोटॅशियमच्या काही खिडक्यांचाही त्यात हात असतो. हृदयाच्या पेशीत त्या जपानच्या अकिनोरी नोमा यांनी १९८३ साली शोधल्या. निरोप शेवटी पोचतो तो मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीच्या वीजघरापर्यंत. तुटलेलं रक्त परत सुरू होतं तो क्षण पेशीसाठी मोठा कठीण असतो. कॅल्शियमचा लोंढा आत येतो, मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला भगदाड पडतं आणि रक्त मिळूनसुद्धा पेशी दगावते. सज्ज पेशीत हे भगदाड पडणं टळतं. सज्जता टिकते एक-दोन तास. मग ओसरते, आणि साधारण चोवीस तासांनी पुन्हा येते, जरा सौम्य, ती दोन-तीन दिवस राहते. या दुसऱ्या खेपेला पेशीने नवी प्रथिनं तयार केलेली असतात.

माणसात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईत रजिस्ट्रार होते. स्टेंट अजून रोजचे झाले नव्हते, नुसत्या फुग्याने अँजिओप्लास्टी व्हायची. वाहिनीत फुगा फुगवून दीड मिनिट धरायचा, आणि माझं काम घड्याळ आणि ईसीजी बघत रोग्याशी बोलत राहायचं. पन्नाशीचे एक गिरणी कामगार होते. पहिल्यांदा फुगा फुगवला तेव्हा ईसीजीतली एसटीची रेघ, म्हणजे स्नायूला रक्त कमी पडलं की सरकणारी रेघ, तीन घरं वर चढली आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. फुगा सोडला, चार मिनिटं थांबलो, पुन्हा त्याच जागी तेवढाच वेळ फुगवला. रेघ दीड घर चढली. मनगटावरची पकड सैल होती. "बाई, या टायमाला कमी हाय," ते म्हणाले. डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली नेमकं हेच मोजून छापलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. पटलं ते त्या पकडीने.

तुमच्यासारखे लोक तर फार पूर्वीपासून आहेत. अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या दडपणाचं, पहिलं नीट वर्णन करणारे अठराव्या शतकातले इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांनी आपल्या एका रोग्याबद्दल लिहून ठेवलंय की त्याने रोज अर्धा तास लाकूड करवतायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. तुमच्या दुखण्यालाही नाव आहे, वॉर्म-अप अंजायना. त्यामागे पूर्वसज्जतेचा हात आहेच, शिवाय थांबल्यावर बारीक वाहिन्या जास्त सैल होतात आणि शेजारच्या वाहिन्यांतून येणाऱ्या आडवाटा उघडतात, त्यांचाही.

हे सगळं खरं असूनही गड बंद का? त्याच १९८६ च्या प्रयोगाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. ४० मिनिटांऐवजी वाहिनी तीन तास बंद ठेवली, तेव्हा सज्ज कुत्री आणि बाकीची कुत्री यांच्यात काही फरक राहिला नाही. सज्जतेने मरण लांबतं, टळत नाही. त्या लांबलेल्या वेळात वाहिनी उघडावी लागते, आणि ते काम हृदयाच्या हातातलं नाही. दुसरं, तुम्हाला वरच्या टप्प्यात दुखत नाही म्हणजे अडथळा कमी झाला असं मुळीच नाही. तो जिथल्या तिथे आहे. त्यावरचा पापुद्रा कधी फाटेल आणि तिथे गुठळी कधी धरेल, याच्याशी इंजिन तापण्याचा काही संबंध नाही.

एक रात्र सांगते. गळीत हंगाम चालू होता, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणला होता, ४८ वर्षांचा. दोन दिवस दुखणं येत-जात होतं. अशा आधीच्या येत्या-जात्या दुखण्याने पुढच्या मोठ्या झटक्यात नुकसान कमी होतं, असं झटक्याच्या रोग्यांच्या मोठ्या नोंदींत दिसलेलं आहे. पण ते वेळेत दवाखान्यात पोचलेल्यांचं. यांचं दुखणं सकाळी आठला सुरू झालं ते थांबलंच नाही आणि आमच्याकडे आले संध्याकाळी सातला. बायको दाराशी उभी राहून एकच सांगत होती, "काल थांबलं होतं की हो, आपोआप. म्हणून आजपण वाट बघितली." ईसीजीवर खोल क्यू लाटा उमटलेल्या होत्या, म्हणजे स्नायू मेलेला. ते वाचले. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतं ते, राहिलं २५ टक्के. ट्रॅक्टर सुटला. त्या बाईंचं वाक्य मी विसरलेले नाही, आणि सर, तुमच्या पत्रात मला तेच ऐकू आलं.

आणखी एक. वय वाढतं आणि मधुमेह असतो तेव्हा ही सज्जता बोथट होते. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी पोटॅशियमच्या त्याच खिडक्या बंद करते. तुम्हाला मधुमेह असेल आणि ही गोळी चालू असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. मनाने बंद करू नका, साखर वाढली तर हृदयाचं नुकसानच आहे.

अँजिओग्राफी होऊन, औषधं किंवा अँजिओप्लास्टी, जे ठरेल ते झाल्यावर चालणं पुन्हा सुरू करायचंय. तेव्हा आधी दहा मिनिटं सपाटीवर सावकाश, मग चढ.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ५४) पाच आठवड्यांपूर्वी झटका आला. अडीच तासांत अँजिओप्लास्टी झाली, तरी इकोमध्ये पंपिंग ३० टक्केच आलं. नातेवाईक म्हणतात, छातीत शॉक देणारं मशीन बसवून घ्या. डॉक्टर म्हणतात, तीन महिने थांबू, स्नायू झोपलेला असू शकतो. दुसरी एक वाहिनी जुनीच पूर्ण बंद निघाली, तिच्यासाठी स्कॅन करू म्हणतात. स्नायू झोपतो म्हणजे काय? (नाशिक)

उत्तर : ताई, तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत, फक्त 'झोपलेला' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आल्या आहेत.

पहिली झटक्याच्या वाहिनीची. ती अडीच तासांत उघडली हे फार चांगलं झालं. पण रक्त सुरू झालं म्हणजे स्नायू लगेच कामाला लागतो असं नाही. जिवंत राहिलेला स्नायूही काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न राहतो. पायाला मुंग्या आल्यावर उठून उभं राहिलं तरी पाय थोडा वेळ आपला वाटत नाही, तसं काहीसं. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ साली याला 'स्टन्ड' स्नायू म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. या सुन्न काळातलं पंपिंग हे कायमचं पंपिंग धरायचं नाही. म्हणूनच मशीनचा निर्णय झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि अँजिओप्लास्टीनंतर तीन महिने थांबून, इको पुन्हा करून घ्यायचा असा दंडक आहे. या तीन महिन्यांत गोळ्यांचा एकही दिवस चुकवू नका. चक्कर येऊन पडले, छातीत एकदम धडधड सुरू झाली किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागायला लागला, तर तीन महिने पुरे व्हायची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

दुसरी गोष्ट जुन्या बंद वाहिनीची. वाहिनी पूर्ण बंद, तरी तो भाग जिवंत असू शकतो, कारण शेजारच्या वाहिन्यांतून निघालेल्या बारीक आडवाटा महिनोन्महिने रुंदावत जाऊन त्याला थोडंफार रक्त पोचवतात. रक्त थोडं, म्हणून तिथला स्नायू आपलं कामही थोडं करून घेतो. आकुंचनाचे काही धागे मोडीत काढतो, साखरेचा साठा करून ठेवतो आणि पडून राहतो. ही शीतनिद्रा. तिला वैद्यकात जागा मिळवून दिली शाहबुद्दीन रहिमतूला यांनी, ऐंशीच्या दशकात. जन्म मुंबईचा, पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवलं. बायपासनंतर काही रोग्यांची मेली असं समजलेली भिंत पुन्हा हलायला लागते, याकडे त्यांनी सगळ्यांचं लक्ष वेधलं. तुमच्याकडचा स्कॅन हेच बघेल. पेट स्कॅनमध्ये झोपलेला स्नायू साखर उचलतो, मेलेला उचलत नाही.

स्नायू जिवंत दिसला म्हणजे ती वाहिनी उघडलीच पाहिजे, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये पंपिंग कमी असलेल्या आणि स्नायू जिवंत असलेल्या ७०० रोग्यांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हृदय थकून दवाखान्यात भरती होणं कमी झालं नाही. बायपासचा फायदा दुसऱ्या एका अभ्यासात दिसला, पण तो दहा वर्षांच्या हिशेबात. तेव्हा स्कॅननंतर डॉक्टरांना थेट विचारा, "उघडल्याने यांना नेमका काय फायदा होईल?" प्रश्न विचारल्याचा कोणताही चांगला डॉक्टर राग मानत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ५८) पुढच्या महिन्यात बायपास आहे. बीपीचा पट्टा दंडाला गच्च आवळून ५ मिनिटं ठेवायचा, ५ मिनिटं सोडायचा, असं रोज चार वेळा केलं की हृदय मजबूत होतं, असा एक व्हिडिओ फिरतोय. घरी मशीन आहे. करावं का? (पुणे)

उत्तर : नको. कल्पना मात्र हवेतली नाही, म्हणून कारण सांगते. हृदयाच्या एका भागाला चटके दिले तर चटका न लागलेला शेजारचा भागही सज्ज होतो, हे १९९३ साली कुत्र्यांत दिसलं. मग हृदयाऐवजी दंडाला पट्टा बांधून तेच साधेल का, हे बघितलं गेलं, आणि सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांत आशाही वाटली. मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. २०१५ साली ब्रिटन आणि जर्मनीतल्या दोन अभ्यासांचे निकाल आले, दोन्ही मिळून सुमारे तीन हजार हृदयशस्त्रक्रियेचे रोगी, आणि पट्ट्याचा फायदा शून्य. २०१९ साली झटका आलेल्या पाच हजारांहून जास्त रोग्यांतही तेच. भुलीच्या औषधांनी सज्जता झाकली जात असेल असा एक तर्क आहे, पण तर्कावर वडिलांचा दंड आवळू नका. पायात किंवा हातात गुठळी होऊन गेली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्रासच व्हायचा.

पट्टा बीपी मोजायलाच वापरा. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, आणि आकडे वहीत तारखेसकट लिहा. भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा ती वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर शेवटची कधी ओढली, हे बरोबर न्या. ओढत असतील तर ती आजच सुटायला हवी. शस्त्रक्रियेपर्यंतच्या या चार आठवड्यांत त्यांच्या छातीचं सगळ्यात जास्त भलं त्यानेच होईल.